नागपुरात पिकलेला विनोद पुण्यात का पडतो?

फुटाळाकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात लेकीच्या सासरी पुण्याला जाणे झाले. रात्रीची जेवणे आटोपल्यावर व्याहीबुवा, विहीणबाई, जावई, त्यांचे एक काका आणि शेजारचे एक जोडपे अशी बैठक जमली, तेव्हा मी माझा हुकमी विनोद बाहेर काढला. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत हा विनोद गेली वीस वर्षे एकदाही वाया गेलेला नाही. तो असा आहे:

पुण्याचे एक गृहस्थ नागपुरातल्या मित्राच्या दाराशी येतात. मित्राचा मुलगा दार उघडतो.
"बाबा आहेत का रे?"
"बाबा येऊन राहिले ना."
"हो का! किती दिवसांपासून?"

पुण्याच्या त्या दिवाणखान्यात यावर कोणीही हसले नाही. मग व्याहीबुवांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "मग त्याआधी ते कुठे राहत होते?" त्यासरशी सगळे घर इतके हसले की लेकीला उठून स्वयंपाकघरात जावे लागले. मीही हसलो, पण तेव्हापासून दोन प्रश्न माझ्या डोक्यात घोळत आहेत. विनोदाने माणसाला हसू येते ते नेमके कशामुळे, आणि तोच विनोद एका गावात पिकतो व दुसऱ्या गावात पडतो तो का? व्याहीबुवांना विनोद कळला होता की नाही, हा उपप्रश्न आहे, परंतु मला झोप येऊ देत नाही तो हाच.

तर्री_मारके
काका, विनोद नागपूरचा होता, हसे मात्र पुण्यात झाले, एवढाच काय तो फरक आहे.

उंबरठा
मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते, म्हणून पहिल्या प्रश्नाला हात घालते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली हास्याची जी मीमांसा केली, तिचा आशय असा, की मनात ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी विरून तिचे काहीच उरत नाही, तेव्हा माणूस हसतो. तुमच्या विनोदात "येऊन राहिले" या शब्दांचे दोन अर्थ आहेत. वैदर्भीय कानाला ते "येत आहेत" असे ऐकू येते आणि पुणेरी कानाला "आले आणि मुक्कामाला थांबले" असे ऐकू येते. नागपूरचा श्रोता पहिल्या अर्थावरून निर्धास्त चाललेला असतो आणि "किती दिवसांपासून" या शब्दांनी त्याच्या पायाखालची फरशी सरकते. पुण्याच्या श्रोत्याला मात्र पहिल्यापासून दुसराच अर्थ ऐकू आला. बाबा येऊन राहिलेले आहेत आणि पाहुणा मुक्कामाची चौकशी करतो आहे, यात त्याच्या दृष्टीने सरकण्यासारखे काहीच नाही. तुमचा विनोद त्यांना कळला नाही असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी एक साधासुधा संवाद लक्ष देऊन ऐकून घेतला असे म्हणावे लागेल.

एक पुस्ती जोडते. अपेक्षाभंग झाला म्हणजे हसू येतेच असे नाही, कारण अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघाली तर अपेक्षाभंगच होतो, पण आपण दचकतो. हसू येण्यासाठी मोडलेल्या अर्थाच्या जागी दुसरा अर्थ तत्काळ हाती लागावा लागतो, आणि तो श्रोत्याने स्वतः उचलावा लागतो.

वर्धारोड_वरून
उंबरठा ताईंचे म्हणणे पुस्तकात ठीक आहे, परंतु विनोद इतका निर्मळ नसतो. इंग्रज विचारवंत हॉब्ज याने १६५१ सालीच सांगून ठेवले आहे, की दुसऱ्याचे उणे दिसल्यावर स्वतःबद्दल अचानक जो मोठेपणा वाटतो, त्यातून हसणे येते. मी ते अंगावर भोगले आहे. मी १९९३ साली शिकण्यासाठी पुण्याला गेलो आणि वसतिगृहाच्या पहिल्याच संध्याकाळी खोलीतल्या मुलाला म्हणालो, "मी जेवून राहिलो, तू काहून थांबला?" त्यानंतर तीन वर्षे मला "राहिलो" याच नावाने हाक मारली जात असे. मी बोलायला तोंड उघडले की समोरचे चेहरे आधीच हसण्याच्या तयारीला लागत, आणि मी काय बोललो याला काही महत्त्वच उरत नसे.

विचित्र भाग पुढेच आहे. आम्ही अकोला, यवतमाळ आणि नागपूरची सहा मुले रविवारी एकत्र जमत असू, आणि तिथे आम्ही स्वतःच एकमेकांची "राहिलो"वरून इतकी थट्टा करीत असू की पोट दुखायचे. शब्द तेच असत आणि नक्कलही तीच असे. त्यामुळे विनोद शब्दांत असतो हे मला पटत नाही. कोण कोणाला हसतो आहे, यात तो असतो. फुटाळाकाठ काकांच्या विनोदात तर फसतो तो पुणेकर पाहुणा. मग पुणेकरांनी का म्हणून हसावे?

गौळाऊ
शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. यजमानाच्या घरी जाऊन, त्यांच्याच घरचे जेवून, त्यांच्याच गावच्या माणसाला विनोदात मूर्ख ठरवायचे आणि पुन्हा हसण्याची अपेक्षा करायची, हे धाडस केवळ नागपुरी माणूसच करू जाणे.

शुद्धलेखन_दक्ष
मूळ प्रश्न बाजूला ठेवून सांगतो, की "येऊन राहिले" ही मराठीच अशुद्ध आहे. ती हिंदीतल्या "आ रहे हैं"ची सरळसरळ नक्कल आहे. विनोद अशुद्ध भाषेवर उभा असेल तर तो पडणारच.

उंबरठा
हिंदीशी साम्य आहे हे मान्य आहे, आणि १९५६ पर्यंत नागपूर हे हिंदी-मराठी अशा दुभाषी मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते, हेही ध्यानात घ्यावे. पण ज्या रूपात लाखो लोक पिढ्यान्‌पिढ्या जेवतात, भांडतात आणि लग्ने जमवतात, त्याला अशुद्ध कसे म्हणावे? आणि भाषेच्या दोन रूपांत फट आहे म्हणून तर हा विनोद जन्मला.

तर्री_मारके
शुद्धलेखन_दक्ष भाऊ, तुम्ही रागावून राहिले का? किती दिवसांपासून?

सातच्या_आत
वर्धारोड भाऊंचा अनुभव वाचून वाईट वाटले, परंतु प्रत्येक विनोदाला बळी लागतोच असे मला वाटत नाही. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिच्या दादाने तिला एक कोडे शिकवले होते. "पंख्याला तीन पंख असतात, तरी तो उडत का नाही? कारण तो छताला बांधलेला आहे." दादा हसला म्हणून तीही हसली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःची आवृत्ती काढली. "पंखा उडत का नाही? कारण त्याला भूक लागली!" एवढे बोलून ती जमिनीवर लोळत असे. हे तिने महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवले, गॅसचे सिलिंडर आणणाऱ्या भाऊंनाही ऐकवले, आणि तेही बिचारे हसले. त्या वयात तिला दुहेरी अर्थ कळत नव्हता. कोडे विचारायचे, क्षणभर थांबायचे, काहीतरी उत्तर द्यायचे आणि सगळ्यांनी मिळून हसायचे, एवढा विधी तिला कळला होता. शब्दांच्या दोन अर्थांवर बेतलेली कोडी मुलांना साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे उलगडू लागतात. सात वर्षांची झाल्यावर तिनेच मला गंभीरपणे सुनावले, "आई, भूक लागली यात हसण्यासारखे काय आहे?" मला मात्र तेव्हा जुनी आवृत्तीच अधिक आवडत होती.

बडग्या
विधीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या गावचा सगळ्यात मोठा विधी विसरून चालणार नाही. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारी भागात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, निघते आणि तिच्यासोबत बडगे निघतात, हे नागपूरकरांना सांगायला नकोच. बाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की बडग्या म्हणजे वर्षभरात लोकांनी ज्याच्या नावाने बोटे मोडली त्याचा पुतळा. तो महागाईचा असतो, भ्रष्टाचाराचा असतो, कधी एखाद्या पुढाऱ्याचा असतो, आणि त्याच्या गळ्यात खोचक मजकुराची पाटी असते. "घेऊन जा गे मारबत" असे ओरडत त्याला मिरवायचे आणि शेवटी जाळायचे.

मी लहानपणापासून ही मिरवणूक पाहत आलो आहे आणि माझे निरीक्षण असे, की पाट्यांवरचे विनोद बहुतेक वेळा बेताचेच असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्राखाली तोच मजकूर वाचला तर ओठही हलत नाहीत. पण त्या गर्दीत, ढोलताशांत, घामाने भिजलेल्या चार अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून तीच पाटी वाचली, की माणूस खदखदून हसतो. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०५ साली विनोदावर लिहिताना म्हटले होते, की एरवी मनात दाबून ठेवावे लागते ते विनोदाच्या आडून बाहेर पडते आणि दाबून ठेवण्यात खर्च होणारी शक्ती हास्यरूपाने मोकळी होते. त्याने मारबत पाहिली असती तर त्याला आणखी एक प्रकरण लिहावे लागले असते. वर्षभर रांगेत उभे राहून जे बोलता आले नाही, ते इथे पाटीवर लिहून गळ्यात घालता येते.

नाडीपरीक्षा
बडग्या यांच्या निरीक्षणाला पुरावा आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणसे प्रत्यक्षात केव्हा हसतात याच्या नोंदी केल्या होत्या. माणूस एकट्यापेक्षा सोबतीत सुमारे तीस पट अधिक हसतो, असे त्याला आढळले. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की संभाषणातले बहुतांश हसू विनोदानंतर येतच नाही. "बरं, निघतो मी" किंवा "हा बघा आला" अशा अगदी साध्या वाक्यांनंतर ते येते, आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा अधिक हसतो. म्हणून डॉक्टर या नात्याने माझे मत असे, की हसणे हे मुळात "आपण एकमेकांचे आहोत" असे कळवण्याचे साधन आहे आणि विनोद हे त्याला मिळालेले एक चांगले निमित्त आहे. स्वतःच्या काखेत स्वतः गुदगुल्या करून पाहा. हसू येत नाही, कारण पुढचा स्पर्श कुठे होणार हे मेंदूला आधीच ठाऊक असते. विनोदालाही असाच दुसरा माणूस लागतो.

विश्रांतवाडा
भरताच्या नाट्यशास्त्राचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. सहाव्या अध्यायात हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. स्वतः हसणे ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवणे ते परस्थ होय. पुढे हसण्याचे सहा प्रकार येतात. दात न दिसता गालांत उमटते ते स्मित, आणि दात किंचित दिसतात ते हसित. हे दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे आहेत. विहसित आणि उपहसित हे मध्यम प्रकृतीचे. भलत्याच जागी येते, डोळ्यांत पाणी आणते आणि खांदे व डोके हलवते ते अपहसित, आणि हातांनी कुशी धरून मोठ्या आवाजात हसावे लागते ते अतिहसित. हे शेवटचे दोन अधम प्रकृतीचे मानले आहेत. हास्याच्या कारणांत विपरीत वेष, भलत्या जागी घातलेले अलंकार आणि विचित्र बोलणे यांची गणना केलेली आहे. म्हणजे वर्धारोड यांना वसतिगृहात जे भोगावे लागले त्याची नोंद, दुर्दैवाने, फार जुनी आहे.

तर्री_मारके
झणझणीत सावजी रस्सा खाताना डोळ्यांत पाणी येते, खांदे हलतात आणि दोन्ही हातांनी कुशी धरावी लागते. आम्ही अधम आहोत, हे भरतमुनींना इतक्या आधी कसे कळले?

खस_आणि_कूलर
विश्रांतवाडा सरांनी "भलत्याच जागी येणारे हसू" म्हटले, म्हणून कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट लिहिते.

माझ्या वडिलांची एक सवय होती. उन्हाळ्यात घरी कोणीही आले, की "या, बसा" म्हणण्याच्या आधी ते आतल्या दिशेने तोंड करून विचारीत, "कूलरमध्ये पाणी टाकलं का?" जावयाला पहिल्यांदा पाहिले तेव्हाही त्यांचे पहिले वाक्य हेच होते. त्यांना रुग्णालयात नेत असताना स्ट्रेचरवरूनही त्यांनी हेच विचारले होते. ते मे महिन्यात गेले. तेराव्याच्या दिवशी पारा ४५ अंशांच्या पुढे होता, खोलीत माणसे दाटली होती, आम्ही चौघे भावंडे माना खाली घालून बसलो होतो, आणि गुरुजींनी मंत्र मध्येच थांबवला, कपाळ पुसले आणि आतल्या दिशेने तोंड करून विचारले, "कूलरमध्ये पाणी टाकलं का हो?"

आधी धाकटा भाऊ फुटला. मग मी. दोन मिनिटांत आम्ही चौघेही पदराने आणि उपरण्याने तोंडे झाकून गदागदा हलत होतो, आणि नातेवाइकांना वाटले की आम्हाला हुंदका आवरत नाही. ते खोटेही नव्हते. गुरुजींना आजपर्यंत ठाऊक नाही, की त्यांनी आमच्या घरातला सर्वांत मोठा विनोद केला. ते वाक्य मी इथे लिहिले, तुम्ही वाचले, तुम्हाला कदाचित थोडे हसू आले असेल, पण आमच्या चौघांत "पाणी टाकलं का" एवढे शब्द उच्चारले तरी आजही पुरतात. ऐकून ऐकून विनोद शिळा होतो असे म्हणतात. आमचा सहा वर्षांत झालेला नाही.

उंबरठा
ताई, माझ्या पहिल्या प्रतिसादातला अपेक्षाभंगाचा सिद्धांत तुमच्या गोष्टीला पुरत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. तुम्हा भावंडांची अपेक्षा भंगली नव्हती. कोणीतरी ती भलत्याच तोंडून पुरी केली होती.

वर्धारोड_वरून
आणि माझा हॉब्जही इथे निरुपयोगी आहे, कारण तिथे कोणीच कोणाहून मोठे नव्हते. तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या रविवारच्या बैठकीची आठवण झाली.

वडसा_रात्रपाळी
उशिरा आलो, माफी असावी. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत बारा वर्षे काम केले आहे. वडसा-देसाईगंज भागातल्या मंडळ्यांची नाटके रात्री उशिरा सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. रात्री अडीच वाजता, थंडीत, गोधड्या पांघरून बसलेल्या हजारभर प्रेक्षकांना हसवणे हे विनोदी नटाचे काम असते, आणि तिथे सिद्धांत चालत नाहीत.

आम्हाला जुन्या नटांनी दोन गोष्टी शिकवल्या. ज्या शब्दावर हसू यायचे तो वाक्याच्या शेवटी ठेवायचा, त्याच्या आधी श्वासभर थांबायचे आणि त्याच्यानंतर एक अक्षरही बोलायचे नाही. मराठीची याला उत्तम साथ आहे, कारण शब्द मागेपुढे हलवण्याची मुभा ती देते. दुसरी गोष्ट अशी, की प्रेक्षकाला लागणारी माहिती फार आधी, सहज बोलता बोलता, विनोदाचा वासही येऊ न देता पेरून ठेवायची. परगावी प्रयोग असला की आम्ही तिथला बाजार, तिथला नाला आणि तिथल्या एसटीची वेळ आधी विचारून घेत असू, ते यासाठीच.

फुटाळाकाठ काका, आपला विनोद लिहिण्यात तर उत्तम उतरला आहे. "किती दिवसांपासून" हे शब्द अगदी शेवटी आहेत. म्हणून एक प्रामाणिक प्रश्न विचारतो. पुण्याला सांगताना आपण तो अगदी असाच सांगितला होता का? की श्रोते पुण्याचे आहेत म्हणून मध्ये काही खुलासा केला होता?

गौळाऊ
आता खरी उलटतपासणी सुरू झाली.

फुटाळाकाठ
वडसा_रात्रपाळी यांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले, त्यामुळे कबूल करणे भाग आहे. मुलाने "बाबा येऊन राहिले ना" म्हटल्यावर मी थांबलो आणि मंडळींना समजावून सांगितले, की आमच्याकडे याचा अर्थ "येत आहेत" असा होतो, तुमच्याकडे मात्र राहणे म्हणजे मुक्काम करणे, म्हणून आता बघा हं, तो पाहुणा काय म्हणतो. त्यानंतर शेवटचे वाक्य सांगितले, आणि कोणी हसत नाही असे पाहून ते पुन्हा एकदा सांगितले. इथे लिहिताना तो भाग मी गाळला होता.

वडसा_रात्रपाळी
काका, पडदा पडण्याआधीच आपण प्रेक्षकांना मेकअपच्या खोलीत नेऊन आणले.

नाडीपरीक्षा
पण मग काकांचा तो उपप्रश्न अधिकच अवघड होतो. अर्थ आधीच समजावून सांगितलेला होता, म्हणजे व्याहीबुवांना तो निश्चित ठाऊक होता. तरीही त्यांनी चष्मा पुसून "मग त्याआधी ते कुठे राहत होते" असे विचारले. यजमानाने वातावरण सावरले, की पाहुण्याची फिरकी घेतली?

सातच्या_आत
किंवा त्यांचे लक्षच नव्हते, आणि मग हा सगळ्यांत उत्तम विनोद करणाऱ्याच्या नकळत झालेला आहे, गुरुजींच्या कूलरसारखा. काका, आता फोन करून विचाराच.

बडग्या
विचारू नका. ज्याच्या विनोदाचा खुलासा मागितला तो व्याही दुरावला म्हणून समजा.

फुटाळाकाठ
आज सकाळी फोन केला. आधी हवापाणी, मग नातवाची सर्दी, मग संत्र्यांची पेटी पोहोचली का, असे सगळे झाल्यावर धीर करून सांगितले, की व्याहीबुवा, तुमचा त्या रात्रीचा प्रश्न मी इकडे आमच्या फिरणाऱ्या मंडळींना सांगितला, महाजालावरही लिहिला, आणि आता विनोद सांगताना मी तुमच्या प्रश्नासकटच सांगतो, कारण त्याशिवाय कोणी ऐकूनच घेत नाही. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. चष्मा पुसत असावेत, असा माझा अंदाज आहे. मग त्यांनी तितक्याच गंभीरपणे विचारले, "म्हणजे नागपुरात लोक मला हसून राहिले काय?"

मी म्हणालो, "हो, हसून राहिले."

पलीकडून त्यांनी श्वासभर वेळ घेतला आणि विचारले, "किती दिवसांपासून?"